उरलेली नळी

शालूताई कुणाच्याही घरी गेली की माणसांच्या आधी पंख्याला भेटायची. चपला दारात निघेपर्यंत तिची नजर खोलीभर फिरून आलेली असायची. कुठं टेबल फॅन दिसला की ती सरळ त्याच्यापाशी जायची आणि डाव्या हाताची पाठ अलगद त्याच्या पत्र्याला टेकवायची, आजारी पोराच्या कपाळाला टेकवतात तशी. घरच्यांना वाटायचं, पंखा तापलाय का ते बघतेय. पण तिला पत्र्यात वीज उतरलीय का, ते बघायचं असायचं. मग ती वळून हसायची आणि म्हणायची, "हां, आता बोला. कसे आहात सगळे?"

"तळहात कधी लावायचा नाही, मीने," ती मला सांगायची. "तळहात धरतो. करंट लागला की बोटं आपली आपण मिटतात, मग सुटायचं नाव नाही. हाताची पाठ सोडते. झटका बसतो, पण हात माघारी येतो." हे ती इतक्या वेळा सांगायची की कारखान्यातल्या आम्ही सगळ्याच जणी दाराची कडी आणि चहाचं पातेलंसुद्धा आधी हाताच्या पाठीनं चाचपायला लागलो होतो. आम्ही तिची नक्कल करायचो आणि हसायचो. तीही हसायची, पण हात काही बदलायची नाही.

कारखाना म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला एक गाळा. पुढं दुकान, मागं पत्र्याची शेड. हरेश शेठ नावाच्या सिंधी माणसाचा तो होता आणि तिथं लोखंडी बॉडीचे टेबल फॅन बनायचे. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं लागले. अंबरनाथ पश्चिमेहून आम्ही चारपाच जणी गप्पा मारत चालतच जायचो. वायरिंगच्या टेबलावर आम्ही सगळ्या बायकाच होतो आणि त्या टेबलाची म्होरकी शालूताई. वयानं पस्तिशीची, अंगानं शेलाटी, लवकर विधवा झालेली, भावाच्या कुटुंबात राहणारी. तिच्या किल्ल्यांच्या दोऱ्यात एका काळ्या नळीचा पेराएवढा तुकडा ओवलेला असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, किल्ल्या वाजू नयेत म्हणून असेल.

आमचं काम सोपं वाटायचं. मोटरच्या वाइंडिंगमधून आलेली तार आणि भिंतीच्या सॉकेटकडे जाणारी वायर एकमेकींना पीळ देऊन जोडायची, वर कथील वितळवून सोल्डर मारायचा आणि तो उघडा जोड झाकायचा. झाकायला ती काळी नळी. जोडावरून सरकवून मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेला धरली की थंडीत माणूस अंग चोरतं तशी ती आवळत जायची आणि जोडाला गच्च बसायची. मग ओढली तरी निघायची नाही. मेख एवढीच की नळी आधी वायरीत ओवून मागं सरकवून ठेवायला लागते. एकदा जोड झाला की ती घालायला वाटच उरत नाही, कारण वायरीचं दुसरं टोक प्लगला नाहीतर मोटरला अडकलेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात मी नेमकी तीच विसरले. जोड मात्र असा सुरेख झाला होता की काय सांगू. सोल्डर चांदीसारखा चमकत होता. मी कौतुकानं बघतेय तोवर टेबलावर पडलेली नळी दिसली. मी इकडंतिकडं टेपची गुंडाळी शोधायला लागले, तेवढ्यात शालूताईचा डावा हात पुढं आला आणि कटरनं तो जोड कचकन तोडून टाकला.

"आधी नळी, मग जोड," ती म्हणाली.

"अगं पण किती छान झाला होता!"

"छान झाला म्हणूनच तोडवत नाही. तिथंच माणूस फसतं."

ती रागावली नव्हती. पण कटर खाली ठेवायच्या आधी तिनं माझ्यापुढचे बाकीचे सगळे जोड एकेक करून तपासले, आणि एका वायरीसाठी एवढं कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

शालूताई डावखुरी होती, त्यामुळं तिच्या जोडाचा पीळ आमच्या उलट दिशेला जायचा. आमचे सगळ्यांचे जोड एका कुशीवर आणि तिचे दुसऱ्या. हरेश शेठ एखादा पंखा उघडून बघायचा आणि सांगायचा, "ये उल्टा पीलवाला शालू अदी का है, इसको चेक नहीं करने का." सिंधीत अदी म्हणजे थोरली बहीण. शेठ वयानं तिच्यापेक्षा मोठा होता, तरी अदीच म्हणायचा. त्या टेबलावरची ती एकटीच डावखुरी. नंतर ही गोष्ट माझ्या फार जिव्हारी लागली, म्हणून इथंच सांगून ठेवते.

तिची हकीकत तिनं स्वतःच मला सांगितली, एका संध्याकाळी घरी चालत येताना. मी किल्ल्यांतल्या नळीला सहज हात लावला होता.

"ती उरलेली आहे," ती म्हणाली.

मी यायच्या काही वर्षं आधी कारखान्यात सगळे जोड काळ्या टेपनंच झाकायचे. मग एक पंखा परत आला. विकत घेणाऱ्या माणसाला पंख्याचं तोंड फिरवताना असा झटका बसला होता की तो भिंतीवर जाऊन आदळला. पंखा उघडला तर मोटरच्या उष्णतेनं टेपचा डिंक वितळलेला, टेप घसरून खाली आलेली आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकलेली. शेठ घाबरला. त्यानं बाजारातून नळ्यांचं खोकं आणलं आणि टेपवर बंदी घातली. त्याच सुमाराला निळा रंग संपत आला होता, म्हणून रंगाऱ्यानं उरलेल्यात हिरवा ओतला आणि थोडे पंखे मोरपंखी निघाले. नळी लावलेला पहिला माल तो. पुन्हा कधी त्या रंगाचे पंखे कारखान्यात झाले नाहीत.

"हाताला टेपची सवय गं," शालूताई म्हणाली. "टेपचं काय, आधी जोडायचं, मग गुंडाळायचं. नळीचं उलटं. एका पंख्याला मी नळी घालायची विसरले. जोड करून बसले तेव्हा ध्यानात आलं. तोडायला कटर घेतला, तर सगळ्या डबा खायला बोलवायला लागल्या. म्हटलं, जेवून येऊन तोडते. तोवर उघडा नको म्हणून जुनी टेप गुंडाळली आणि पंखा बाजूला सरकवला."

ती जेवून आली तेव्हा पंख्याची जागा रिकामी होती, टेबलावर नुसती त्याची नळी उरली होती. पॅकिंगवाल्यांनी मागचं झाकण बसवून पंखा खोक्यात घातला होता आणि टेंपो गल्लीच्या कोपऱ्यावर वळत होता.

"मी हाक मारायला तोंड उघडलं, मीने. हाक मारली असती तर थांबला असता तो. पण सगळी खोकी उतरवायला लागली असती, सगळ्या जणींनी माझ्या नावानं बोटं मोडली असती. म्हटलं, जाऊ दे. टेप लावलीय की. आणि तोंड मिटलं."

मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, "ताई, आधीचे सगळेच पंखे टेपचे होते ना? मग ह्या एकाचं काय एवढं?"

"ते कळायच्या आधीचे," ती म्हणाली. "हा कळल्यावरचा."

मी किल्ल्यांतल्या नळीवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठला सांगितलं होतं. शेठ म्हणाला, "अदी, छोड़ ना. इतने साल टेप चला, एक और चल जाएगा." मग ती स्वतःच फिरली. माल उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या दुकानांत गेला होता. दुकानदारांना मोरपंखी पंखे आठवत होते, कुणी नेले ते आठवत नव्हतं. तेव्हापासून ती घरं बघत होती. पर्समध्ये रुमालाच्या घडीत स्क्रूड्रायव्हर असायचा. मोरपंखी पंखा दिसला की ती घरधन्याची परवानगी काढायची आणि उघडून बघायची. असे काही पंखे तिला सापडलेही. सगळ्यांत नळी होती.

या नादापायी तिनं भावाची फजिती केली ती कथा आमच्याकडं पुष्कळ दिवस पुरली. भाचीला, म्हणजे प्रज्ञाला मुलाकडचे बघायला यायच्या आधी ही मंडळी मुलाचं घर बघायला अंबरनाथ पूर्वेला गेली. कपाटावर मोरपंखी पंखा. पोहे येईपर्यंत पंखा शालूताईच्या मांडीवर होता आणि स्क्रू बशीत. मुलाचे वडील शेवटी न राहवून म्हणाले, "अहो बाई, चालतोय तो."

"चालतोय म्हणूनच बघतेय," शालूताई म्हणाली.

आत नळी निघाली. तिनं स्क्रू परत आवळले, पंखा चालू करून हाताची पाठ लावली आणि भावाच्या कानात सांगितलं, "घर चांगलं आहे, देऊन टाक मुलगी." लग्न झालं. प्रज्ञाच्या सासरी तिला पुढं कायम 'पंखेवाली आत्या' म्हणायचे.

पण हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. आमच्या भागात कुणाला शॉक लागून काही बरंवाईट झालं की शालूताई तिथं हजर. ओळख ना देख, तरी जायची. एकदा मला बरोबर घेऊन गेली. उल्हासनगरात एका चाळीत बाई गेली होती. खाली माणसं जमलेली, वर बायकांचं रडणं. शालूताई जिना चढून आत गेली, रडणाऱ्या बायकांच्या डोक्यांवरून बघितलं आणि कोपऱ्यात उलटा पडलेला पंखा दिसेपर्यंत तिथंच थांबली. तो पांढरा होता. तिनं श्वास सोडला. त्या घरात तो श्वास मला मोठ्यानं ऐकू आला आणि मला तिची लाज वाटली. एक म्हातारी म्हणाली, "कौन है ये? पंखा क्या देखती है?" मी तिला हाताला धरून खाली आणलं.

रस्त्यात मी चिडून म्हटलं, "ताई, कुणाच्या मरणावर असं सुटल्यासारखं होतं का?"

"होतं," ती म्हणाली. "मला होतं. मग घरी गेल्यावर त्या बाईसाठी रडते."

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "मला माणूस दिसत नाही गं. नुसता हात दिसतो. भर दुपारी, काम करताना. पंख्याचं तोंड आपल्याकडं वळवायला एक हात पुढं येतो. बाईचा का बाप्याचा, तेही कळत नाही. टेकायच्या आत पुसला जातो." माझी चीड तिथंच संपली.

पुढं माझं लग्न होऊन मी बदलापूर गावात आले. शेठनं प्लास्टिकचे पंखे काढले आणि मग गाळाच विकला. बायका पांगल्या. मी माहेरी आले की शालूताईकडं जायची. "आता सगळीकडं प्लास्टिक आलंय," मी म्हणायची, "कुणी मोडीत घातला असेल तुझा पंखा." ती म्हणायची, "लोखंडी पंखा लोक मोडीत घालत नाहीत. मोटर चालते तोवर माळ्यावरून खाली येतच राहतो." छातीच्या दुखण्यानं तिनं अंथरूण धरलं तेव्हाही किल्ल्यांचा दोरा उशाशी होता.

त्याच दिवसांत मी बदलापूर गावातल्या एका म्हातारीकडं तोंडली आणायला गेले. मथीआय तिचं नाव. परसात वेल होता. पाणी प्यायला म्हणून आत टेकले आणि समोर घडवंचीवर मोरपंखी पंखा. रंग उडालेला, पण तोच. पंख्याच्या शेजारी एक लाटणं ठेवलेलं.

"आय, लाटणं इथं कशाला?"

"बटन दाबाया," मथीआय म्हणाली. "हात लावला का मुंग्या येतान. कवा कवा झटका पन देतो. मंग लाटण्यानं दाबतू. पन हवा चांगली देतो हो!"

तिची दोन नातवंडं तिथंच जमिनीवर खेळत होती. मी पंखा बंद करवला, प्लग काढला आणि तिच्याकडूनच सुरी घेऊन मागचं झाकण उघडलं. आत टेप होती. वाळून, आकसून एका बाजूला लोंबत होती आणि उघडी तार पत्र्यापासून जेमतेम नखभर अंतरावर होती, पंखा थरथरला की टेकत असणार. मी मथीआयला म्हटलं, "हा आज लावायचा नाही," आणि दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगचं सामान घेऊन गेले. जुना जोड दोन्हीकडून कापून काढला. आधी नळी घातली, मग नवा जोड केला, मेणबत्तीवर नळी आवळली. चालू करून हाताची पाठ लावली. पंखा फिरत होता, पण हाताला मुंग्या आल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मथीआयला मी मिठीच मारली. ती म्हणाली, "काय गो बाय, पंख्यासाठी रडतंस?"

तो कापलेला जोड टेपसकट रुमालात बांधून मी अंबरनाथला गेले. शालूताई भिंतीला टेकून बसली होती, वर बुद्धाची तसबीर. मी दारातूनच ओरडले, "ताई, सापडला! सगळी धडधाकट आहेत घरात, कुणाला काही झालं नाही!"

तिनं उशाजवळचा दोरा घेतला, गाठ सोडली आणि ती काळी नळी तळहातावर काढून ठेवली. मग दुसरा हात पुढं केला. मी जोड तिच्या हातात दिला. तिनं टेप सोलली, जोड खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि बोटांत फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो उजळला होता. मग हळूहळू विझला.

"मीने," ती म्हणाली, "हा उजव्या हाताचा आहे."

मी जोड ओढून घेतला. पीळ आमच्या कुशीवर होता. कापताना, बांधताना, येताना मी तो एकदाही नीट बघितला नव्हता. आनंदाच्या भरात मला ते सुचलंच नाही.

"मग हा कुणाचा?" मी विचारलं.

"आपल्यातल्याच कुणाचा तरी. तीही नळी विसरली असेल. तिनंही म्हटलं असेल, जाऊ दे." तिनं नळी परत दोऱ्यात ओवली. तिची बोटं आता अशक्त झाली होती, गाठ मला मारून द्यावी लागली. "बरं केलंस हो. म्हातारीची नातवंडं वाचली. पण माझा अजून बाहेरच आहे."

परत येताना रिक्षात मला रडू आलं आणि रागही आला. वाटलं, मी उलट्या पिळाचा एक जोड घरीच करून नेला असता तर? पण ते जमलं नसतं. माझ्या हाताचा खोटेपणा तिच्या बोटांना लगेच कळला असता.

ती त्याच वर्षी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भावाच्या घरी खूप माणसं आली. उकाडा म्हणून मंडपवाल्याकडून एक उंच स्टँडचा पंखा आणून ठेवला होता. कारखान्यातल्या बायका एकेक करून आल्या. केस पिकलेल्या, कुणी सुना घेऊन आलेल्या. आणि आत येणारी प्रत्येक जण बसायच्या आधी पंख्यापाशी थांबून त्याच्या पत्र्याला हाताची पाठ लावत होती. कुणी ठरवलं नव्हतं. प्रज्ञानं मला विचारलं, "मावशी, पंखा तापलाय का गं?" मी म्हटलं, "नाही गं." तिनं शालूताईच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ह्यात हे काय काळं ओवलंय? टाकून देऊ?" मी नळी काढून घेतली. इतक्या वर्षांनीही ती कधी न आवळलेली, तशीच सैल होती.

बुद्धवंदना झाल्यावर चहा आला. आम्ही सगळ्या एका कोपऱ्यात बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "तिला सापडला का गं तो पंखा शेवटी?"

"तिचा नाही सापडला," मी म्हटलं. "पण एक सापडला. मोरपंखीच. टेपचा. जोड उजव्या हाताचा."

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणी कपात बघत होतं, कुणी पदर सारखा करत होतं. कुणाचा, असं एकीनंही विचारलं नाही.

निघताना जिन्यात एक जण माझ्या मागून आली. तिचं नाव मी सांगणार नाही. दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि हळूच म्हणाली, "त्या घरात सगळी नीट आहेत ना गं?"

"आहेत," मी म्हटलं. "म्हातारी आहे, नातवंडं आहेत. जोड मी नवा केलाय."

तिनं माझा हात धरला, तळहातानं, घट्ट. बराच वेळ तिला तो सोडता येईना. मी तशीच उभी राहिले. शालूताईला तिच्या पंख्याच्या घराबद्दल असं 'आहेत' म्हणणारं कुणी भेटलं नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं, आणि तिची नळी माझ्या दुसऱ्या मुठीत होती.